कायदा कुणाच्या घरचा?

ऑगस्ट २००२ मध्ये जर्मनीतल्या एका बाईंनी घरपोच माल पाठवणाऱ्या एका मोठ्या कंपनीकडून शेगडी आणि भट्टी असा संच मागवला. किंमत सुमारे ५२५ युरो. दीडेक वर्षाने, २००४ च्या सुरुवातीला, भट्टीच्या आतलं एनॅमल सुटू लागलं. दुरुस्ती होण्यासारखी नव्हती, म्हणून कंपनीने संच बदलून दिला. इथवर सगळं रीतसर झालं. पण पाठोपाठ ६९ युरो ९७ सेंटची मागणी आली: जुना संच इतके महिने वापरलात, त्या वापराचे पैसे टाका. बाईंनी पैसे भरले आणि ते परत मिळावेत म्हणून ग्राहक संघटनेने दावा लावला. गंमत अशी, की जर्मन नागरी संहितेतली कलमं सरळ वाचली तर कंपनीचंच बरोबर होतं. प्रकरण जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयातून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं. एप्रिल २००८ मध्ये निकाल आला. सदोष माल ग्राहकाला विनामूल्य बदलून द्यावा असं १९९९ चा युरोपीय निर्देश सांगतो, तेव्हा वापराचे पैसे मागता येणार नाहीत. त्याच वर्षी जर्मनीने आपल्या संहितेत दुरुस्ती केली.

सत्तर युरोंच्या भांडणाने एका देशाचा मूळ कायदा हलतो. युरोपातल्या करार कायद्यांचं एकीकरण झालं ते बहुतांशी असंच. जाडजूड मसुदे आणि तज्ज्ञांचे आयोग जे साधू शकले नाहीत ते शेगड्या, फरशा आणि हॉटेलच्या बिलांनी थोडं थोडं साधलं. देशोदेशींचे करार कायदे एकसारखे करावेत का, करायचे तर ग्राहकासाठी की व्यापाऱ्यासाठी, या प्रश्नावर तिथे चाळीसेक वर्षं खल चालू आहे. आपल्याकडे त्याची दखल जवळपास नाहीच. पण नाशिकची द्राक्षं रॉटरडॅमच्या बंदरात उतरतात, पुण्यातली सॉफ्टवेअर कंपनी म्युनिकच्या गिऱ्हाइकाशी करार करते. त्या करारांमागे उभा असलेला कायदा कुठला आणि तो कुणी ठरवला, हे पाहायला हरकत नाही.

आधी मूळ अडचण. फ्रान्समधला दुकानदार पोलंडमधल्या माणसाला ऑनलाइन खुर्ची विकतो. खुर्चीचा पाय मोडला तर कायदा कुणाचा लावायचा? दोन व्यापाऱ्यांमध्ये उत्तर सोपं आहे. करारात जो लिहाल तो. काहीच लिहिलं नसेल तर युरोपीय संघाचा २००८ चा 'रोम-१' नियम सांगतो की मालाच्या विक्रीत विकणाऱ्याच्या देशाचा कायदा लागेल. ग्राहकाचं मात्र वेगळं आहे. विक्रेता ग्राहकाच्या देशाकडे आपला धंदा वळवत असेल तर त्याच नियमाच्या सहाव्या कलमानुसार ग्राहकाच्या देशाचा कायदा लागतो. करारात दुसऱ्या देशाचा कायदा निवडला तरी घरच्या कायद्याने ग्राहकाला दिलेलं सक्तीचं संरक्षण त्याच्याकडून काढून घेता येत नाही.

धंदा 'वळवला' असं कधी म्हणायचं, यावर २०१० च्या डिसेंबरात एक निकाल आला. प्रश्न खटला कुठल्या देशाच्या कोर्टात चालवायचा याचा होता, पण शब्दप्रयोग हाच. दोन प्रकरणं एकत्र ऐकली गेली आणि दोन्ही मजेशीर होती. ऑस्ट्रियातल्या एका गृहस्थांनी मालवाहू जहाजातून ट्रिएस्टेहून अतिपूर्वेकडे जाण्याची सफर ठरवली होती. इंटरनेटवरच्या वर्णनात व्यायामाची खोली होती, उघड्यावर पोहण्याचा तलाव होता. प्रत्यक्ष जहाज त्या वर्णनाशी जुळेना, तेव्हा ते चढलेच नाहीत आणि पैसे परत मागितले. दुसऱ्या प्रकरणात एक जर्मन पाहुणा नववर्षाच्या सुट्टीत ऑस्ट्रियातल्या हॉटेलात राहिला, सेवेला नावं ठेवली आणि बिल न देताच निघून गेला. न्यायालयाने म्हटलं, संकेतस्थळ परदेशातून नुसतं उघडतं एवढ्याने धंदा तिकडे वळवला असं होत नाही. दुसऱ्या देशाची भाषा किंवा चलन वापरणं, फोन नंबराआधी देशाचा आकडा देणं, परदेशातून कसं पोहोचायचं ते सांगणं, शोधयंत्रावर त्या देशातल्या लोकांसाठी पैसे मोजून जाहिरात करणं अशा खुणा बघायच्या. आपल्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचाही रोख हाच आहे. भारतात कार्यालय नसलेली पण भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल देऊ करणारी कंपनी त्या नियमांखाली येते.

म्हणजे ग्राहक आपल्या उंबऱ्याच्या आत उभा राहून खरेदी करतो आणि कायदाही तिथलाच राहतो. २०१६ मध्ये न्यायालयाने आणखी एक खुंटी ठोकली. लक्झेंबर्गमध्ये नोंदलेल्या ॲमेझॉनच्या कंपनीने ऑस्ट्रियातल्या ग्राहकांच्या अटींमध्ये लक्झेंबर्गचा कायदा लिहिला होता. फक्त तोच कायदा लागू आहे अशी ग्राहकाची समजूत होत असेल आणि घरच्या कायद्याचं संरक्षण शाबूत आहे हे त्याला सांगितलंच नसेल, तर असं कलम अन्याय्य, असा तो निकाल. न्याय्यच आहे. पण हेच आता छोट्या दुकानदाराच्या खुर्चीत बसून पाहा. संघातल्या सगळ्या देशांत माल विकायचा तर सत्तावीस ठिकाणचे ग्राहक कायदे माहीत हवेत. ॲमेझॉनला वकिलांची फौज ठेवणं परवडतं. लियॉनच्या सुताराला नाही.

यावर तोड म्हणून एकच संहिता करावी ही कल्पना विद्वानांना फार आधीपासून मोहवत होती. युरोपीय संसदेने १९८९ मध्येच युरोपीय खासगी कायद्याची संहिता करण्याच्या तयारीला लागा असा ठराव केला. डेन्मार्कचे प्राध्यापक ओले लँडो यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून देशोदेशींच्या कायदेपंडितांना एकत्र बसवलं आणि १९९५ ते २००३ या काळात युरोपीय करार कायद्याची तत्त्वं तीन भागांत काढली. इटलीत पावियाला जुझेप्पे गांदोल्फी यांचा गट वेगळी संहिता लिहीत होता. जर्मनीत ओस्नाब्रुकच्या क्रिस्तियान फॉन बार यांनी तर करारावर न थांबता नुकसानभरपाई, अनाठायी लाभ, न्यास असं सगळंच कवेत घेतलं. २००९ मध्ये त्या प्रचंड मसुद्याची टीपांसह आवृत्ती निघाली ती सहा खंडांची.

या मंडळींना भेडसावणारे भेद खरे होते. इंग्लंडमध्ये प्रतिफल नसेल तर वचन करार होत नाही. जर्मनीत अशी अटच नाही. फ्रान्सच्या १८०४ च्या संहितेत कराराला वैध कारण लागत असे, ती अट २०१६ च्या दुरुस्तीत गेली. सगळ्यात खोल दरी सद्भावनेची. जर्मन संहितेचं २४२ वं कलम हे एक छोटं वाक्य, पण त्याच्या आधारे न्यायाधीशांनी शंभर वर्षं वाटेल ते करार वाकवले आणि सरळ केले. उलट इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९२ मध्ये बजावलं की वाटाघाटी करणारे एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात, त्यांच्यावर सद्भावनेचं बंधन घालणं त्या भूमिकेशीच विसंगत आहे. पिएर लग्रां यांच्यासारखे टीकाकार म्हणत राहिले की नियम सारखे छापून काही होणार नाही, कारण न्यायाधीशांची विचार करण्याची रीतच निराळी आहे. मला हे अर्धं पटतं. सद्भावनेसारख्या मोघम तत्त्वाला ते लागू पडतं. पण भट्टीचं एनॅमल सुटलं तर पैसे कोणी द्यायचे, या प्रश्नाला इंग्रजी मन आणि जर्मन मन असा काही फरक नसतो. कुणीतरी अधिकाराने उत्तर द्यावं लागतं, एवढंच.

व्यापाऱ्यांचा मार्ग दरम्यान वेगळाच होता. मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीसाठी १९६४ मध्ये हेग इथे दोन अभिसंधी झाल्या, त्या फारशा चालल्या नाहीत. मग १९८० मध्ये व्हिएन्नाचा करारनामा झाला. तो १९८८ पासून अमलात आहे आणि आज नव्वदहून अधिक देश त्यात आहेत. चीन, अमेरिका, जर्मनी, फ्रान्स आहेत. ब्रिटन नाही आणि भारतही नाही. ग्राहकाने घरगुती वापरासाठी केलेली खरेदी त्याने दुसऱ्याच कलमात बाहेर ठेवली. या करारनाम्याची एक खोच वकिलांना पाठ असते: पक्षकारांनी ठरवलं तर तो पूर्णपणे वगळता येतो. धान्य आणि पशुखाद्याच्या जागतिक व्यापारात लंडनच्या 'गाफ्टा' संघटनेचे छापील नमुना करार चालतात. त्यात व्हिएन्ना स्पष्ट शब्दांत वगळलेला असतो. कायदा इंग्रजी, लवाद लंडनचा. विमा कोणी काढायचा, जहाजावर चढल्यावर जोखीम कोणाची हे पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या 'इन्कोटर्म्स'नी १९३६ पासून ठरवून दिलं आहे. मुंबईतला कुठलाही निर्यातदार एफओबी, सीआयएफ हे शब्द झोपेतही सांगेल. मोठ्या व्यापाराने आपलं एकीकरण आपणच करून घेतलं, त्यासाठी कुठल्या संसदेचं दार ठोठावलं नाही.

एक बाजार चालवायला एकच कायदा लागतो का, याचं अमेरिकेने दिलेलं उत्तरही लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिथली 'समान वाणिज्य संहिता' हा केंद्राचा कायदा नव्हे. तो नमुना आहे, प्रत्येक राज्याने आपापल्या विधिमंडळात मंजूर केलेला. पेनसिल्व्हेनियाने १९५३ मध्ये पहिल्यांदा घेतला. फ्रेंच परंपरेच्या लुइझियानाने विक्रीचा भाग आजवर घेतलेला नाही. म्हणून न्यू ऑर्लिन्सचा व्यापार अडला असं कुणी म्हणत नाही.

आपल्या इतिहासातही या प्रश्नाचे धागे आहेत. ब्रिटिश संसदेने १७९७ मध्ये मुंबई आणि मद्रासच्या कोर्टांना नियम घालून दिला होता: करार आणि देवघेवीच्या दाव्यात दोन्ही पक्ष हिंदू असतील तर हिंदूंचा कायदा, मुसलमान असतील तर मुसलमानांचा, आणि एक हिंदू, एक मुसलमान असेल तर प्रतिवादीचा. तिथे ज्याच्यावर दावा लागला त्याच्या घरचा कायदा होता, आजच्या युरोपात तो ग्राहकाच्या घरचा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने हा पसारा आवरला. तरी तो सगळाच मोडला नाही. व्यापाराच्या रूढी त्याने पहिल्याच कलमात राखून ठेवल्या. देशी भाषेतल्या हुंड्यांच्या चालीरीती १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्याने तशाच सोडल्या. आणि दामदुप्पट टिकली: थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही हा हिंदू धर्मशास्त्राचा नियम मुंबई इलाख्यात करार कायद्यानंतरही चालू राहिला, तोही ऋणको हिंदू असला तरच. व्यवहाराचा कायदा एक झाला, पण दुबळ्या बाजूला वाचवणारा नियम ज्याच्या त्याच्या घरचाच राहिला. युरोपची गाडीही नेमकी याच खड्ड्यात रुतली.

ती रुतली त्याची गोष्ट अशी. जुलै २०१० मध्ये युरोपीय आयोगाने एक हरितपत्र काढलं. न्याय खात्याच्या आयुक्त होत्या विव्हियान रेडिंग. त्यात सात पर्याय मांडले होते. तज्ज्ञांचा मसुदा नुसता प्रसिद्ध करणं हा सगळ्यात सौम्य, आणि सक्तीची युरोपीय नागरी संहिता हा सगळ्यात टोकाचा. आयोगाचं मन कुठे होतं हे लपलेलं नव्हतं. ऑक्टोबर २०११ मध्ये प्रस्ताव आला, सामायिक युरोपीय विक्री कायदा, १८६ कलमांचा. कुठल्याही देशाचा कायदा तो रद्द करणार नव्हता. प्रत्येक देशात तिथल्या कायद्याशेजारी हा दुसरा संच उभा राहील आणि सीमापार विक्रीत दोन्ही पक्षांनी ठरवलं तरच लागू होईल. काही प्राध्यापक त्याला निळ्या बटणाचा कायदा म्हणत: संकेतस्थळावर ताऱ्यांचं निळं बटण दिसेल, दाबलं की करार युरोपीय. सदस्य देश सत्तावीस, म्हणून याचं टोपणनाव अठ्ठाविसावी व्यवस्था. २०१३ मध्ये क्रोएशिया आला आणि टोपणनावही एकाने चुकलं.

मसुदा वाईट नव्हता, हे आधी सांगायला हवं. ग्राहकाला उपायांची निवड मोकळी होती. माल सदोष निघाला तर दुरुस्तीची संधी न देता करार थेट संपवता येत होता, आणि ही सोय बऱ्याच देशांच्या कायद्यांत नव्हती. डाउनलोड केलेली गाणी, सॉफ्टवेअर हेही त्यात होतं, जे तेव्हाच्या राष्ट्रीय संहितांना धड माहीतही नव्हतं. व्यापारी-व्यापारी करारांसाठी अट एवढीच, की किमान एक पक्ष छोटा किंवा मध्यम असावा, म्हणजे अडीचशेपेक्षा कमी कामगार आणि पाच कोटी युरोंपर्यंत उलाढाल किंवा ४ कोटी ३० लाखांपर्यंतचा ताळेबंद.

वादाचं मूळ एका तांत्रिक युक्तीत होतं. रोम-१ चं सहावं कलम तर हलवायचं नव्हतं. मग ग्राहकाच्या घरच्या कायद्याचं काय? उत्तर असं शोधलं, की हा नवा कायदा प्रत्येक देशाच्या स्वतःच्याच कायद्याचा भाग मानायचा. पोलंडच्या ग्राहकाने तो निवडला तर त्याने परका कायदा निवडलाच नाही, पोलंडच्याच दोन संचांपैकी एक निवडला. तुलना करायला दुसरा देशच उरला नाही, मग सहाव्या कलमाला करण्यासारखं काही राहिलं नाही. युक्ती म्हणून ती देखणी होती. पण युरोपीय ग्राहक संघटनांच्या महासंघाला यात काय चाललंय ते लगेच कळलं. कायद्याची निवड दोघांनी मिळून करायची हे कागदावर. प्रत्यक्षात दुकानाच्या अटी दुकान लिहितं, ग्राहक फक्त 'मान्य' वर टिचकी मारतो. एका पानाची माहितीपत्रिका द्यायची, वेगळी संमती घ्यायची अशा तरतुदी होत्या. पण संमती नाही म्हणणाऱ्याला दुकान म्हणणार, मग माल मिळणार नाही. ऐच्छिक कायदा विक्रेत्यासाठी ऐच्छिक होता. ग्राहकाच्या वाट्याला घ्या किंवा जा एवढंच होतं. या वादात अनेक विद्वान लेख निघाले, पण मला तरी हाच मुद्दा निर्णायक वाटतो आणि आयोगाला त्याचं समाधानकारक उत्तर देता आलं नाही.

आकडेही मदतीला आले नाहीत. कायद्यांच्या फरकामुळे दर वर्षी किमान २६ अब्ज युरोंचा व्यापार बुडतो, आणि प्रत्येक नव्या देशात विक्री सुरू करायला सुमारे १०,००० युरोंचा खर्च येतो, असं आयोग सांगत होता. हे आकडे व्यापाऱ्यांच्या मुलाखतींवरून बेतलेले होते आणि टीकाकारांनी त्यांना झोडपलं. शिवाय अधिकाराचा पेच होता. युरोपीय संघाला सरसकट करार कायदा करण्याचा हक्क नाही. अंतर्गत बाजारातला अडथळा दूर करायचा तर नियम जवळ आणता येतात, आणि त्यासाठी बहुमत पुरतं. पण जुने नियम तसेच ठेवून शेजारी नवा संच उभा करणं म्हणजे जवळ आणणं होतं का? नसेल, तर सगळ्या देशांचं एकमत हवं, आणि ते मिळणं अशक्यच होतं. जर्मनीचं बुंडेस्टाग, ब्रिटनचं हाउस ऑफ कॉमन्स, ऑस्ट्रियाचं बुंडेसराट आणि बेल्जियमचं सिनेट यांनी सुरुवातीलाच लेखी हरकती घेतल्या.

२६ फेब्रुवारी २०१४ रोजी युरोपीय संसदेने प्रस्ताव मंजूर केला, ४१६ विरुद्ध १५९. फक्त दूरस्थ, मुख्यतः ऑनलाइन, व्यवहारांपुरता तो आवळून घेतला होता. पण देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेत तो पुढे सरकला नाही. त्या वर्षीच्या डिसेंबरात नव्या आयोगाने आपल्या कामाच्या यादीत तो बदलून आणण्याच्या प्रस्तावांमध्ये टाकला. बदलून आला तो वेगळाच प्राणी होता. तीस वर्षांच्या संहिता-स्वप्नाचा शेवट सरकारी यादीतल्या एका ओळीत झाला.

त्यानंतर राहिला तो तुकड्या-तुकड्यांचा मार्ग, आणि तो आधीपासून चालूच होता. १९८५ मध्ये दारावर येऊन केलेल्या विक्रीवर, १९९३ मध्ये अन्याय्य अटींवर, १९९७ मध्ये दूरस्थ विक्रीवर, १९९९ मध्ये सदोष मालावर निर्देश निघाले होते. त्या निर्देशांनी तळ ठरवला होता, छत नाही. प्रत्येक देशाला वर चढायची मुभा. त्यामुळे माल परत करण्याची मुदत कुठे सात दिवस, कुठे चौदा. २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशाने छतही ठरवलं. जून २०१४ पासून संघात सगळीकडे चौदा दिवस. मूळ २००८ चा प्रस्ताव चारही निर्देश असे घट्ट बांधण्याचा होता. त्यावर इंग्लंडमध्ये ओरड झाली, कारण सदोष माल तडक परत करून पैसे मागण्याचा तिथल्या ग्राहकाचा जुना हक्क त्यात जाणार होता. मग दोन निर्देश मोकळे सोडावे लागले. एकसारखं करण्याच्या नादात ज्याच्याकडे जास्त आहे त्याचं कमी होतं, आणि मग विरोधाला व्यापारी लागत नाहीत, ग्राहकच उभे राहतात.

२०१९ चे दोन निर्देश, एक मालाच्या विक्रीवर, दुसरा डिजिटल सेवांवर, या अनुभवातून आले आहेत आणि जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. डिजिटल निर्देशात एक खरी नवी गोष्ट आहे: पैशांऐवजी स्वतःची वैयक्तिक माहिती देऊन सेवा घेणाऱ्यालाही तो करारातला ग्राहक मानतो. मालाच्या निर्देशाने उपायांचा क्रम बांधला, आधी दुरुस्ती किंवा बदली, मग किंमत कमी करणं किंवा करार संपवणं. पण विक्रेत्याच्या जबाबदारीची मुदत पुन्हा तळ म्हणूनच ठेवली, किमान दोन वर्षं. स्पेन आणि स्वीडनमध्ये तीन आहेत. नेदरलँड्समध्ये ठरीव मुदतच नाही, वस्तू किती टिकावी अशी वाजवी अपेक्षा आहे ते पाहतात. म्हणजे लियॉनच्या सुताराला अजूनही देशागणिक चौकशी करावीच लागते.

त्याला खरंच एवढी चौकशी करावी लागते का, हाही प्रश्न आहे. परदेशात न विकणाऱ्या छोट्या दुकानदाराला विचारा. तो कुरिअरचा दर सांगेल, परत आलेल्या मालाचा खर्च सांगेल, भाषा सांगेल, कराची नोंदणी सांगेल. करार कायदा त्याच्या यादीत खाली कुठेतरी असतो. दुसऱ्या देशातल्या ग्राहकाला दारातून परत पाठवू नये म्हणून डिसेंबर २०१८ पासून भू-अडथळाबंदीचा नियम आला. विकायला नकार देता येत नाही, पण तिथवर पोहोचवण्याची सक्तीही नाही. हक्क बजावायची यंत्रणा तर आणखी लंगडी. छोट्या सीमापार दाव्यांसाठी सुटसुटीत पद्धत २००७ च्या नियमाने आणली, तिची मर्यादा २०१७ मध्ये २,००० वरून ५,००० युरो केली. २०१६ मध्ये सुरू झालेला ऑनलाइन तंटा-निवारणाचा सरकारी मंच मात्र फारसं कुणी वापरेना म्हणून जुलै २०२५ मध्ये बंद केला. आपल्या २०१९ च्या ग्राहक कायद्याने राहत्या ठिकाणच्या आयोगात तक्रार करू दिली, ती सोय मला या सगळ्या मंचांपेक्षा मोलाची वाटते. कायदा थोडा परका असला तरी चालतो, कोर्ट लांब असलं की माणूस तक्रार सोडून देतो.

या सगळ्यात एक माणूस मध्येच अडकलेला आहे. तो दिसतो एका फरशीच्या खटल्यात. एका जर्मन ग्राहकाने १,३८२ युरोंच्या चकचकीत फरशा घेतल्या. दोन तृतीयांश बसवून झाल्यावर त्यांवर न जाणारे बारीक ओरखडे दिसले. उपाय एकच, सगळ्या उखडून नव्या बसवणं, आणि त्याचा खर्च ५,८३० युरो. जून २०११ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की उखडण्याचा आणि पुन्हा बसवण्याचा भार विक्रेत्याने उचलावा, खर्च अवाच्या सवा असेल तर तो वाजवी रकमेपर्यंत मर्यादित करता येईल. ग्राहकाच्या दृष्टीने उत्तम. पण फरशी बसवणारा मिस्त्री स्वतः घाऊक दुकानातून माल आणतो. तो व्यापारी, दुकान व्यापारी, त्यांच्या करारात ग्राहक कुणीच नाही. जर्मन न्यायालयाने २०१२ मध्ये ठरवलं की लक्झेंबर्गचा नियम फक्त ग्राहकाच्या खरेदीला लागतो. मग मिस्त्रीने घरमालकाची फरशी पदरच्या पैशाने बदलायची आणि दुकानाकडून फक्त नव्या फरशा मिळवायच्या. हे जर्मनीत २०१८ मध्ये स्वतंत्र दुरुस्ती करून मिटवलं. युरोपच्या पातळीवर छोट्या व्यापाऱ्यासाठी तशी तरतूद नाही. २०१९ चा निर्देश देशांना एवढंच सांगतो, की वाटल्यास हे संरक्षण छोट्या उद्योगांनाही द्या. फसलेल्या विक्री कायद्यात मधल्या माणसाचं नाव तरी लिहिलेलं होतं. त्याच्यासोबत तेही गेलं.

आपले द्राक्ष निर्यातदार याच मधल्या गटात बसतात. माल नेदरलँड्सला जातो, प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर दर असतो, चलन असतं, इन्कोटर्म असतो. कुठला कायदा हे लिहिलेलं असतंच असं नाही. मणी गळाले, बुरशी आली अशी फोटोंसह तक्रार आली आणि दर पाडून मागितला, तर डच न्यायालय रोम-१ लावेल. सरळ विक्री असेल तर विकणाऱ्याचा, म्हणजे भारताचा कायदा, अर्थात १९३० चा मालविक्री कायदा. माल कन्साइनमेंटवर दिला असेल आणि आयातदाराला अडत्या धरलं, तर ती सेवा ठरू शकते आणि सेवा देणाऱ्याचा, म्हणजे डच कायदा येतो. आणि करारात 'डच कायदा' असे दोन शब्द टाकले तर मालाच्या विक्रीपुरता व्हिएन्नाचा करारनामाही सोबत येतो, कारण नेदरलँड्स त्यात आहे. मग खरेदीदाराने माल लवकरात लवकर तपासून वाजवी वेळेत दोष कळवला का, हा पहिला प्रश्न होतो, आणि नाशवंत मालात ही वाजवी वेळ फार थोडी असते. निर्यातदाराच्या ते फायद्याचं ठरू शकतं. भारत व्हिएन्नात नसला तरी भारतातला शेतकरी-निर्यातदार दोन शब्दांनी त्यात शिरू शकतो, पण हे त्याला सांगणारा वकील तालुक्याच्या गावी सहसा नसतो.

युरोपात अठ्ठाविसावी व्यवस्था हे शब्द आता पुन्हा ऐकू येतात. एन्रिको लेट्टा आणि मारिओ द्राघी या इटलीच्या दोन माजी पंतप्रधानांनी २०२४ मध्ये दिलेल्या अहवालांत ते आहेत आणि आयोगानेही उचलून धरले आहेत. मात्र या वेळी रोख नव्या कंपन्यांवर आहे. कंपनीची नोंदणी, भांडवल, दिवाळखोरी संघभर एकाच नियमाने व्हावी असा प्रयत्न आहे. माल विकणाऱ्या-घेणाऱ्यांच्या कराराला त्यात अजून तरी ठळक जागा मिळालेली नाही.